कोलायटिसचं निदान झालंय, सदाशिव पेठेत कॉटवर राहते, मेसचं जेवण आहे. कसं सांभाळू?

बार्शीकरीण:

नमस्कार. मी २४ वर्षांची. राज्यसेवेची तयारी करते, दीड वर्ष झालं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. खोलीत चौघी, मजल्यावर अकरा जणी आणि संडास दोन.

तीन आठवड्यांपूर्वी दुर्बिणीची तपासणी झाली आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस निघालं. त्याआधी दोन महिने शौचाला रक्त आणि आव पडत होती, दिवसातून सात-आठ वेळा पळावं लागायचं. मेसच्या तेलकट भाजीने होतंय असं समजून मी इसबगोल घेत बसले. डॉक्टरांनी आतड्याची सूज उतरवणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्या दिल्यात, रात्री गुदद्वारातून घ्यायची सपोझिटरी दिलीय, आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ४० मिलिग्रॅमवर सुरू करून दर आठवड्याला ५ ने कमी करायला सांगितलंय. रक्त आता थांबलंय. दिवसाला तीन वेळा जाते. पण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही आणि चेहरा सुजल्यासारखा दिसतो.

गोळ्या किती दिवस घ्यायच्या हे मी विचारलंच नाही. "हा आजार सोबत राहतो" एवढं ऐकलं आणि रडायला आलं, पुढचं काही डोक्यात गेलं नाही. आता बरं वाटतंय तर हळूहळू बंद करता येतील का? आणि खाऊ काय? मेसमध्ये एक दिवसाआड मटकी, नाहीतर तिखट वांगं. भीतीने मी बिस्किटं आणि केळ्यांवर आहे, पाच किलो वजन गेलं. सपोझिटरी तर खोलीत सगळ्यांसमोर कशी घेणार, म्हणून चार दिवस राहिलीच. घरी फक्त "पोट बिघडलंय" सांगितलंय. खरं सांगितलं तर आप्पा दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन न्यायला येतील.

कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

कंडक्टरकाका:

ताई, मी शहर बसवर कंडक्टर आहे, वय ४९. हाच आजार मला २०११ पासून आहे. दुसऱ्या पाळीवरून आलो, तुझं वाचलं, आणि ताट बाजूला सारून लिहायला बसलो.

माझं आठ महिने मूळव्याध म्हणून औषध चाललं होतं. आत कुणी बघितलंच नाही. हिमोग्लोबिन ७.८ वर आलं, जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा मेहुण्याने धरून पोटविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं. मॅडमनी केसपेपरच्या मागे मोठं आतडं काढलं आणि गुदद्वारापासून वर डाव्या कुशीपर्यंत पेनाने रेघा मारल्या. म्हणाल्या, "इथपर्यंत आतल्या अस्तराला सूज आहे, जखमा आहेत. याच्या वर चांगलं आहे." तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे. तुझं कुठपर्यंत आहे हे पुढच्या वेळी विचार आणि लिहून आण. नुसतं खालच्या टोकाला आहे, डावीकडे आहे, की सगळ्या मोठ्या आतड्यात आहे, यावर औषध आणि पुढच्या तपासण्या ठरतात.

आता गोळ्या बंद करायचं. हे मी केलंय, म्हणून कळवळून सांगतो, करू नकोस. सातव्या महिन्यात मी मेसालामाइन सोडलं. रक्त नाही, दुखत नाही, मग खर्च कशाला? पोरगी नववीत, क्लासची फी भरायची होती. चार महिने काहीच झालं नाही. दिवाळीच्या आठवड्यात दिवसाला चौदा वेळा, वर ताप. नऊ दिवस ॲडमिट, शिरेतून स्टिरॉइड. मॅडम राउंडला आल्या. मी तोंड फिरवून पडलो होतो. त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या, आणि विचारलं, "पैशाचं होतं का? की दुपारची गोळी राहायची?" दोन्ही होतं. दुपारी मी बसमध्ये, डबा डेपोत, गोळी डब्यात. त्यांनी स्वस्त पडणारी गोळी लिहून दिली आणि तिन्ही वेळचा डोस सकाळी एकदम घ्यायला सांगितला. मेसालामाइन असं दिवसातून एकदा घेतलं तरी चालतं हे मला तोवर माहीतच नव्हतं. तुझं तू ठरवू नकोस, पण तुझ्या डॉक्टरांना विचार. अशा गोष्टी आपण बोलल्याशिवाय त्यांना कशा कळणार? माझे डॉक्टर चांगले आहेत हे मला त्या स्टुलावरच्या दहा मिनिटांत कळलं.

स्टिरॉइडचं मात्र वेगळं आहे. ते कायमचं नाही, आग विझवण्यापुरतं. पण एकदम थांबवायचं नाही. बाहेरून स्टिरॉइड मिळत असलं की शरीर स्वतःचं बनवायचं कमी करतं, त्याला परत सुरू व्हायला वेळ द्यावा लागतो. म्हणून ते पाच-पाचने उतरवतात. सकाळी नाश्त्यानंतर घेतेस ना? रात्री घेत असशील तर झोप उडणारच. चेहरा डोस उतरला की उतरतो. माझाही दोन-अडीच महिन्यांत उतरला. सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलंय का बघ, नसेल तर विचार, कारण स्टिरॉइडने हाडं झिजतात.

सपोझिटरीची लाज मला तुझ्यापेक्षा जास्त होती. दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं. वॉर्डातल्या सिस्टरांनी सांगितलं ते तसंच सांगतो: झोपायच्या आधी संडासला जाऊन ये, मग तिथेच घे आणि येऊन डाव्या कुशीवर पड. दोन मिनिटांचं काम आहे, खोलीत कुणाला कळणारही नाही. पोटातून गोळी आणि खालून सपोझिटरी अशी दोन्ही घेतली की नुसत्या गोळीपेक्षा गुण जास्त येतो. ती राहू देऊ नकोस.

खाण्याचं सांगतो, पण आधी हे ऐक: मेसच्या भाजीने तुला हा आजार झालेला नाही, आणि काही न खाल्ल्याने तो जाणारही नाही. भीतीने मी अकरा किलो उतरलो होतो. आहारतज्ज्ञ बाईंनी पहिलं वाक्य हेच सांगितलं की आतडं भरून यायला प्रथिनं लागतात, बिस्किटांत ती कुठली? पोट बिघडलेलं असताना माझ्याकडे गुरगुट्या भात, मुगाचं घट्ट वरण, दुधी किंवा लाल भोपळा साल काढून, उकडलेला बटाटा, दोन उकडलेली अंडी. कोशिंबीर, मटकी, मक्याचं कणीस, ठेचा, दाण्याचं कूट तेवढ्या दिवसांपुरतं बंद. सूज उतरली की एकेक पदार्थ परत आणायचा. आज मी ज्वारीची भाकरी खातो, पालेभाजी खातो. बार्शीची आहेस, शेंगाची चटणी कायमची गेली असं धरून बसू नकोस.

एक वही कर. मी तीन महिने लिहिली: काय खाल्लं, किती वाजता, पोटाचं काय झालं. त्यातून निघालं की मला मिरचीपेक्षा दूध जास्त बाधतं. ड्यूटीवर आठ-आठ कप दुधाचा चहा व्हायचा! कोरा चहा केला आणि निम्म्या कळा गेल्या. दही मात्र चालतं. तुझं वेगळंच काही निघेल. आषाढीचा उपास मी सोडला, साबुदाणा, दाणे आणि मिरची तिन्ही एकदम नको म्हणून. पहिल्या वर्षी फार लागलं मनाला. आता पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की वारकऱ्यांना पाणी वाटायला उभा राहतो.

अजून एक. पाळीत पोट दुखलं की मेडिकलमधून कुठलीही गोळी आणू नकोस. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी आजार उसळू शकतो. काय चालेल ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घे.

आणि दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्त पडलं, ताप आला, छाती धडधडली, पोट फुगलं, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी जायचं.

लॅबवाली_वारजे:

काकांनी मनापासून लिहिलंय. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि मलाही नऊ वर्षं कोलायटिस आहे.

फिकल कॅलप्रोटेक्टिन ही तपासणी डॉक्टरांना विचारून ठेव. शौचाच्या नमुन्यावर होते. आतड्याला सूज असेल तर आकडा चढतो. साधारण ५० च्या आत असला तर निवांत, २५० च्या वर गेला की आत काहीतरी चाललंय. दर वेळी दुर्बीण नको असेल तर याने बरंच कळतं. माझा एकदा काहीही त्रास नसताना ६०० च्या वर आला, डॉक्टरांनी औषध वाढवलं आणि तो भडका टळला. लोह आणि हिमोग्लोबिनही बघून घे. तुला जो थकवा वाटत असेल तो सगळा अभ्यासाचा नसतो.

पुढे कधी ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) द्यायची वेळ आली तर आधी एनयूडीटी१५ या जनुकाची तपासणी होते का विचार. आपल्याकडे काही जणांच्या पांढऱ्या पेशी त्या गोळीने झपाट्याने उतरतात, ते आधी कळतं. त्यानंतरही रक्त तपासत राहावं लागतं. आणि आजार सात-आठ वर्षांचा झाला की ठरावीक अंतराने कोलोनोस्कोपी (तीच दुर्बिणीची तपासणी) करून घ्यायची असते, कारण मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम थोडी वाढते. आज घाबरायचं नाही, फक्त विसरायचं नाही.

तू विचारलं नाहीस, पण मला २४ व्या वर्षी रात्र-रात्र हेच वाटायचं म्हणून सांगते. लग्न झालं, आजार शांत असताना ठरवून मूल झालं, मेसालामाइन पूर्ण नऊ महिने चालू होतं. लेक आता चार वर्षांची आहे.

नाना_हडपसर:

आमच्या नात्यातल्या एका मावशींना कुड्याच्या सालीच्या काढ्याने फरक पडला. त्यांनी इंग्रजी औषधं सोडून दिली. बघ विचार करून, ताई.

कंडक्टरकाका:

नाना, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंत. पण पोरगी स्टिरॉइडच्या मध्यावर आहे, तिच्या हातून आत्ता गोळ्या सुटल्या तर थेट ॲडमिट व्हावं लागू शकतं. मावशींना नक्की काय झालं होतं तेही आपल्याला माहीत नाही. जंतूंमुळे आव पडणं वेगळं, कोलायटिस वेगळं. ताई, काढा, चूर्ण, काहीही घ्यावंसं वाटलं तर डॉक्टरांना दाखवून. लपवून काही घ्यायचं नाही.

संडासाचं राहिलं होतं. अभ्यासिकेत दाराजवळची जागा माग, कारण सांगायची गरज नाही. बाहेर पडलीस तर मेट्रोच्या स्टेशनांत स्वच्छतागृहं आहेत, तुला मंडईचं स्टेशन जवळ. मुंबईला जायचं झालं तर बसपेक्षा रेल्वे बरी, उठून जाता येतं. परीक्षेसाठी डॉक्टरांचं पत्र घेऊन ठेव, आणि पेपरच्या मध्ये जाऊ देतात का हे आयोगाला आधीच लेखी विचार. मला एका पत्राने खूप दिलंय. मॅडमनी आजार, औषधं आणि "वारंवार शौचास जावे लागू शकते" एवढं लिहून दिलं. साहेबांनी वाचलं आणि आजार उसळला की मला डेपोतलं काम मिळायला लागलं. त्याआधी मी दोन वर्षं कुणाला बोललो नव्हतो, ड्यूटीला उपाशी जायचो.

आप्पांना सांग. ते गाडी घेऊन आले तर येऊ देत. पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत घेऊन जा, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की बापाची निम्मी भीती जाते. मी बाप आहे म्हणून सांगतो.

बार्शीकरीण:

सगळ्यांचे आभार. मधे आठ दिवस गेले, सांगायला आले.

स्टिरॉइडची रात्रीची गोळी सकाळी केली, आता बारापर्यंत झोप लागते. सपोझिटरी एकही दिवस राहिली नाही. रूममेटला सांगितलं, तर ती म्हणाली तिच्या काकांनाही हेच आहे. आता रात्री साडेदहाला ती माझ्यासाठी संडासाचा नंबर धरते.

आप्पा खरंच दुसऱ्या दिवशी आले, आईपण आली. डॉक्टरांकडे तिघं गेलो. माझं गुदद्वारापासून डावीकडे थोडंच वर आहे, त्यांनी चित्र काढून दिलं. मेसालामाइन दीर्घकाळ, स्टिरॉइड अजून पाच आठवडे, तीन महिन्यांनी कॅलप्रोटेक्टिन. आप्पांनी एकच विचारलं, "हिला परीक्षा देता येईल का?" डॉक्टर म्हणाले, "का नाही?" परत येताना आप्पा गाडीत काही बोलले नाहीत. सारसबागेपाशी गाडी थांबवली आणि माझ्यासाठी छोटा राइस कुकर घेऊन आले.

मेसच्या काकूंना आईने जाऊन सांगितलं. त्या माझं वरण फोडणीआधी काढून ठेवतात. भात मी खोलीवर लावते. कालपासून दोन अंडीही.

काका, आईने घरचं मेतकूट ठेवलंय. मऊ भातावर चालेल का?

कंडक्टरकाका:

मला चालतं. आज अर्धा चमचा घे आणि वहीत लिही.