आधी नळी मोजा, मग ब्रेक घ्या
एआर-१५ रायफलीवरचा ए-२ फ्लॅश हायडर (नळीच्या तोंडावरचा, गोळीची ठिणगी झाकणारा भाग) काढून मझल ब्रेक (धक्का कमी करणारा भाग) लावावा का, असं विचारलंत. २२३ काडतुसाचा धक्का मुळात असतो तरी केवढा! ब्रेक गॅस बाजूला फेकतो, रायफल कमी उसळते, हे खरं. पण छपराखालच्या रेंजवर त्या आवाजाने आणि झोताने शेजारच्या लेनमधला माणूस शिव्या घालणार. स्पर्धेत उतरणार नसाल तर ए-२ राहू द्या. त्याला खालून खाचा नसतात, त्यामुळे पालथं पडून गोळी झाडताना धूळही कमी उडते.

आणि हो, नळी १४.५ इंची असून तिच्यावर लांब हायडर पिन मारून वेल्ड केलेला असेल तर हातच लावू नका. असा पक्का बसवलेला हायडर नळीच्या लांबीत धरतात; तो निघाला की लांबी १६ इंचांखाली जाते, आणि अमेरिकेत तशी रायफल नोंदणीशिवाय बाळगणं फेडरल गुन्हा आहे. बदललाच, तर क्रश वॉशर (नळी आणि ब्रेकमधली, आवळताना दबणारी चकती) नवा घाला. एकदा दबला की दबला.