प्रेसिडेंट्स डेचा वीकेंड: ऊब हवी, गर्दी नको

प्रेषक: एडिसनहून

नमस्कार मंडळी,

आई-बाबा नोव्हेंबरपासून आमच्याकडे न्यू जर्सीत आहेत. बर्फ बघून झाला, आता दोघं खिडकीशी बसून दिवस मोजतायत, आणि आईचे गुडघे या थंडीत फारच धरतात. सोमवारी प्रेसिडेंट्स डेची सुट्टी आहे, म्हणून शुक्रवारी रजा टाकून १३ ते १६ फेब्रुवारी चौघं मोठे आणि सहा वर्षांची लेक, असं कुठेतरी जायचंय. ऊब हवी आणि गर्दी नको, एवढंच.

मेक्सिकोतल्या कॅनकूनचं मनात होतं, पण आम्हा दोघांचे पासपोर्टवरचे एच-वन-बीचे (नोकरीच्या व्हिसाचे) स्टँप संपलेत, फक्त आय-७९७ (मंजुरीचं पत्र) आहे. ऑरलँडो झालंय. मायामीचे त्या आठवड्यातले हॉटेलचे दर बघून लॅपटॉप मिटला. कोणी अनुभवाचं सांगेल का?

प्रेषक: जर्सी सिटीहून

फ्लोरिडाच्या टोकाचं की वेस्ट बेट बघा. समुद्र दोन्ही बाजूंना, आणि व्हिसाचा प्रश्नच नाही.

प्रेषक: ब्रिजवॉटरहून

नमस्कार. एडिसनची मेल वाचली आणि लगेच लिहायला बसले, कारण फेब्रुवारीत आई-वडिलांना घरात कोंडून बसलेलं बघणं किती जड जातं ते मला माहीत आहे.

की वेस्ट सुंदर आहे, पण या वीकेंडला नको. तिथे जाणारा रस्ता एकच, त्यातही बराचसा एकेरी लेनचा, आणि फेब्रुवारी हा त्यांचा भर हंगाम. शिवाय उत्तरेकडून थंड वाऱ्याची लाट आली तर तिथेही स्वेटर घालावा लागतो.

माझं मत स्पष्ट आहे: कॅरिबियनमधलं अमेरिकेचं बेट पोर्तो रिको, आणि त्यातही नैऋत्येचा कोपरा. काबो रोहो, बोकेरोन, ला पार्गेरा, ग्वानिका हा पट्टा. राजधानी सान हुआनमध्ये राहू नका. तिथे क्रूझची जहाजं लागतात आणि जुन्या शहराच्या गल्ल्या भरून जातात.

आधी कागदपत्रं, कारण त्याचीच धास्ती असते. इमिग्रेशनच्या कायद्यात पोर्तो रिको अमेरिकेतच धरतात. थेट विमानाने गेलात तर तुम्ही देश सोडलेलाच नसतो, म्हणून स्टँप संपलेला असला तरी परत येताना अडत नाही. फक्त दुसऱ्या देशातून जाणारं विमान चुकूनही घेऊ नका. आई-बाबांचेही पासपोर्ट आणि आय-९४ चे (देशात आल्याच्या नोंदीचे) प्रिंट घ्या, तुमचे आय-७९७ मूळ प्रतीत घ्या. सेंट थॉमस, सेंट जॉन ही शेजारची बेटंही अमेरिकेचीच, पण तिथून निघताना विमानतळावर कस्टम्स-इमिग्रेशनचा अधिकारी कागद तपासतो. पोर्तो रिकोहून निघताना बॅगा शेतीखात्याच्या तपासणीतून जातात, तेवढंच. आंबे आणायचे नाहीत. कॅनकूनचं म्हणशील तर मेक्सिको भारतीय पासपोर्टवर आत घेतं ते अमेरिकेचा चालू व्हिसा बघून, तेव्हा तुम्हाला आधी मेक्सिकोचाच व्हिसा काढावा लागला असता.

आता नैऋत्यच का. बेटाच्या मधोमध पूर्व-पश्चिम डोंगररांग आहे. ईशान्येकडून येणारे वारे आपला सगळा पाऊस एल युंकेच्या जंगलात आणि उत्तर उतारावर टाकतात, दक्षिणेला कोरडे होऊन उतरतात. महाबळेश्वर आणि माण-खटाव यांचं जे नातं, तेच इथे. एल युंकेत वर्षाला १२० इंचांहून जास्त पाऊस, आणि ग्वानिकाच्या रानात जेमतेम ३० इंचांच्या आसपास. तिथे निवडुंग आणि काटेरी झाडं दिसतात, ट्रॉपिकल बेटाच्या जाहिरातीतली हिरवाई दिसत नाही. म्हणूनच मोठी रिसॉर्ट्स तिकडे फारशी गेली नाहीत, आणि म्हणूनच फेब्रुवारीत तिथे जवळजवळ खात्रीचं ऊन असतं. दुपारी पंचाऐंशी फॅरनहाइटच्या आसपास, रात्री पातळ चादर पुरते. गुडघ्यांना याहून चांगलं काय हवं?

काबो रोहोच्या टोकाला १८८२ चं दीपगृह आहे, खाली चुनखडीचे कडे आणि समुद्र. त्याच्या वाटेवर मिठागरं लागतात. शेकडो वर्षं तिथे मीठ पिकवतात, वाफ्यांमधलं पाणी कधीकधी चक्क गुलाबी दिसतं, आणि कडेने चिखलात चोची मारणारे छोटे पक्षी. भांडुप-मुलुंडची मिठागरं पाहिलेल्या माणसाला तिथून हलावंसं वाटत नाही. हे मात्र सकाळी लवकर करा. सुट्टीच्या दिवशी गाड्या लावायची जागा भरते, कड्यावर सावली नाही आणि कठडेही नाहीत, तेव्हा लेकीचा हात सोडू नका. आई-बाबांसाठी बोकेरोनचा किनारा जास्त बरा: लांबलचक, पाणी संथ, झाडांची सावली. तिथले लोक समुद्रावर लोटतात ते उन्हाळ्यात आणि ईस्टरच्या आठवड्यात. फेब्रुवारीतलं पाणी त्यांना गार वाटतं. आपल्याला नाही वाटणार.

आणि एक गोष्ट या वर्षी फार छान जुळून आली आहे. कालनिर्णय काढून बघ: रविवारी १५ ला महाशिवरात्र, मंगळवारी अमावास्या. ला पार्गेराच्या खाडीत रात्री पाणी हलवलं की निळसर उजेड फुटतो. सूक्ष्म जीवांमुळे होतं ते, आणि चांदण्यात फिकं पडतं. तुमच्या तिन्ही रात्री काळोख्या आहेत. तिथे पाण्यात उतरू देतात, फाहार्डो आणि व्हिएकेस बेटावरच्या अशाच खाड्यांत मनाई आहे. होड्यांच्या दिव्यांनी आणि इंजिनांनी या खाडीचा उजेड पूर्वीपेक्षा मंद झालाय असं जुने लोक सांगतात, म्हणून लहान होडीच निवडा आणि अंगाला क्रीम न लावता उतरा.

दक्षिण किनाऱ्यावरच्या पोन्से शहरात मुक्काम मात्र करू नका. ॲश वेन्सडे (ख्रिश्चनांच्या उपासाचा पहिला दिवस, कार्निव्हल त्याच्या आधी असतो) १८ ला आहे, म्हणजे गोव्यात कार्निव्हल असेल त्याच दिवसांत पोन्सेचाही. शिंगांचे रंगीत मुखवटे घालून मिरवणूक निघते. बघायची हौस असेल तर एक दुपार द्या आणि रात्री आपल्या शांत गावात परत या.

प्रेषक: एडिसनहून

काकू, इतकं सविस्तर लिहिलंत, बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. मिठागरांचं ऐकून ते सरसावून बसले! दोन शंका. व्हिएकेसचं सगळीकडे कौतुक वाचते, एक दिवस तिकडे जावं का? आणि आईचा शिवरात्रीचा उपास, आम्ही सगळे शाकाहारी. जमेल?

प्रेषक: ब्रिजवॉटरहून

व्हिएकेस लांब वीकेंडला नको, आणि यात माझा थोडा आग्रह आहे. बोट पूर्वेच्या सेइबाहून सुटते, तुमच्यापासून बेटाचं दुसरं टोक. पण मुख्य कारण वेगळं. २०१७ च्या मारिया वादळात तिथलं रुग्णालय मोडलं, तेव्हापासून उपचारांसाठीसुद्धा लोकांना त्याच बोटीने मुख्य बेटावर यावं लागत आलं आहे. सुट्टीच्या दिवशी त्या बोटीवर आपण पाच जणांनी जागा अडवू नये असं मला मनापासून वाटतं. कधीतरी आठवड्याच्या मधल्या दिवसांत जा.

उपासाला काळजी नाही. रताळी, केळी, पपई, शहाळी सहज मिळतात, साबुदाणा आणि दाण्याचं कूट इथून ने. एरवीचं जेवण जरा जपून: तिथला नेहमीचा भात तुरीच्या हिरव्या दाण्यांचा असतो, बघून आईला घरच्यासारखं वाटेल, पण त्यात बहुतेकदा हॅम किंवा डुकराची चरबी असते. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही, हॅमचं वेगळं विचारायचं. मोफोंगोतही (तळलेलं कच्चं केळं कुटून करतात तो पदार्थ) तेच. तळलेले कच्च्या केळ्याचे तोस्तोनेस मात्र लेकीला आवडतील, तरी तेल कुठलं ते विचार.

म्हणून हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं घर घे. बुक करताना मालकाला दोन गोष्टी लेखी विचार: जनरेटर किंवा बॅटरी आहे का, आणि पाण्याची टाकी आहे का. तिकडे वीज जाते, कधी तासभर, कधी जास्त. वडीलधारी माणसं बरोबर असताना हे आधीच ठरलेलं बरं.

विमान बेटाच्या वायव्येला असलेल्या अग्वादियाचं मिळालं तर तेच घे. न्यूयॉर्कहून थेट जातं आणि तिथून काबो रोहो सान हुआनच्या मानाने निम्म्याहून जवळ. ती विमानं बरीचशी रात्रीची असतात, तेव्हा परतीची वेळ बाबांना विचारून ठरव. गाडी आजच अडवून ठेव, कार्निव्हलमुळे आयत्या वेळी मिळणार नाही.