दात मुळासकट निघून हातात आला तर पहिल्या दहा मिनिटांत नक्की काय करायचं?

ओवीची आई

नमस्कार, जरा मोठं लिहितेय, पण आठवडा होत आला तरी मनातून जातच नाहीये. माझी मुलगी साडेनऊ वर्षांची आहे. गेल्या शनिवारी सायकलवरून तोल गेला आणि हँडल सरळ तोंडावर आपटलं. मी धावत गेले तर ओठ फुटलेला, तोंडभर रक्त, आणि वरचा पुढचा दात जागेवर नाहीच. मला वाटलं तुटला असेल, तर तिनेच मूठ उघडली आणि आत अख्खा दात, मुळासकट. पक्का दात, दोनेक वर्षांपूर्वी आलेला. दाताचं मूळ एवढं लांब असतं हे मला खरंच माहीत नव्हतं, बाहेर दिसतो त्यापेक्षा जास्त दात हिरडीच्या आतच असतो की.

मग मला जे सुचलं ते केलं. दात नळाखाली धरला, मुळाला माती लागलेली ती बोटाने चोळून चोळून काढली, अगदी स्वच्छ होईपर्यंत, आणि टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून पर्समध्ये ठेवला. ओठाचं रक्त थांबवण्यात वेळ गेला, मग डॉक्टर शोधण्यात, मग पोचण्यात, सगळं मिळून दीड तास तरी झाला असेल. डॉक्टरांनी दात परत बसवला, शेजारच्या दातांना धरून बारीक तार चिकटवली, पण म्हणाले की दात कोरडा राहिलाय, मुळावरचं आवरण गेलंय, आता तो किती वर्षं टिकेल ते सांगता येणार नाही. दुधात टाकून लगेच आणला असता तर गोष्ट वेगळी होती, असंही म्हणाले.

तेव्हापासून नीट झोप नाही. दूध का? आणि पाण्याने धुतलं ते चुकलं का? कोणीतरी सगळं नीट समजावून सांगा, आणि आता पुढे काय काय होईल तेही.

रानवारा

ताई, आधी स्वतःला दोष देणं थांबवा. माझ्या मुलाचा असाच दात पडला होता तेव्हा मला माहीत होतं ते फक्त योगायोगाने, आदल्या वर्षी ऑफिसमध्ये प्रथमोपचाराचं ट्रेनिंग झालेलं म्हणून. त्यात शिकवलेलं एकच वाक्य डोक्यात राहिलं होतं, पक्का दात असेल तर तिथल्या तिथे परत बसवा.

मुलगा अकरा वर्षांचा, खेळताना दुसऱ्याचं कोपर लागलं. दात गवतात पडलेला. मी वरच्या भागाला, म्हणजे जो आपल्याला हसताना दिसतो त्या भागाला धरून उचलला, बाटलीत पाणी होतं ते दोन-चार सेकंद वरून ओतलं, त्याला चूळ भरायला लावली आणि शेजारचा दात बघून त्याच्यासारखी बाजू करून हळूच आत ढकलला. सांगायला सोपं वाटतंय पण माझे हात थरथरत होते. अर्ध्यावर जरा अडला, मग थोडा जोर दिला आणि एकदम जागेवर बसल्याचं बोटाला कळलं. तो एवढा ओरडला नाही जेवढं मला वाटलं होतं, नंतर म्हणाला की त्या वेळी तिथे बधिर झाल्यासारखंच होतं. घडी केलेला रुमाल दातांमध्ये दिला, चावून धर म्हटलं आणि तसाच गाडीत घातला. आता चार वर्षं झाली, रूट कॅनल करावं लागलं पण दात आहे आणि छान आहे.

दातांची डॉक्टर

ओवीची आई, मी दंतवैद्य आहे आणि लहान मुलांचे दातच जास्त बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचा मुख्य प्रश्न, दूध का. दाताच्या मुळावर एक अगदी पातळ पडदा असतो, जिवंत पेशींचा. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक दोरे असतात ज्यांनी दात हाडाला बांधलेला असतो, दात निघतो तेव्हा हे दोरे मधोमध तुटतात आणि अर्धे मुळाला चिकटून बाहेर येतात. नुकताच पडलेला दात हातात घेतला तर मूळ जरा ओलसर, बुळबुळीत लागतं ना, ते घाण नाही, तेच ते. तेच आपल्याला वाचवायचं असतं. तो पडदा जिवंत असेल तर दात परत हाडाला तसाच बांधला जातो. म्हणून मुळाला हात लावायचा नाही, घासायचं नाही, साबण, स्पिरिट, अँटिसेप्टिक काहीही नाही.

या पेशींचे दोन शत्रू, कोरडेपणा आणि साधं पाणी. कोरडा दात 30 मिनिटं राहिला की बहुतेक पेशी गेलेल्या असतात, 60 मिनिटांनंतर काहीच उरत नाही असं धरून चालतो आम्ही. आणि पाण्यात ठेवला तर पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. धुताना काही सेकंद पाणी लागलं तर चालतं, पाण्यात बुडवून आणायचा नाही. दुधातलं क्षारांचं प्रमाण शरीरातल्या द्रवाच्या जवळ असतं, आम्लपणाही जवळपास तसाच, त्यामुळे थंड साध्या दुधात त्या पेशी काही तास तग धरतात. गोड किंवा फ्लेवरवालं नको, साधं. दूध नसेल तर सलाईन. तेही नसेल तर पेशंटलाच कपात थुंकायला लावायचं आणि त्या लाळेत दात ठेवायचा. दात गालात धरून आणायला पूर्वी सांगायचे, पण लहान मुलांना ते सांगू नका, गिळला जातो. आणि काहीच नसेल तर मात्र पाणी, कारण टिश्यूत किंवा कापसात कोरडा येण्यापेक्षा ते बरं.

पण दूध हा दुसरा पर्याय आहे, हे लोकांना माहीत नसतं. पहिला पर्याय रानवारा यांनी केला तोच, तिथेच परत बसवणं. पहिल्या पाच मिनिटांत दात जागेवर गेला तर त्याच्यासारखं काही नाही, कारण त्या पेशींसाठी त्याच्या स्वतःच्या खाचेपेक्षा चांगली जागा कुठेच नाही. डॉक्टरचीच वाट बघितली पाहिजे असं काही नाही, आईवडील, शिक्षक, शेजारी, कोणीही बसवू शकतं. उलटसुलट बसला असं वाटलं तरी काळजी नको, पुढची बाजू जरा फुगीर आणि आतली खोलगट असते त्यावरून कळतं, आणि थोडा वाकडा बसला तर आम्ही सरळ करतो.

कधी बसवायचा नाही तेही लिहिते. मूल शुद्धीवर नसेल, गुंगीत असेल, उलट्या होत असतील, डोकं दुखतंय म्हणत असेल तर दात बाजूला, आधी हॉस्पिटल. मोठा हृदयरोग किंवा प्रतिकारशक्ती खूप कमी असलेला पेशंट असेल तरी आपण बसवायचा नाही, दुधात घालून आणायचा. आणि दुधाचा दात कधीच बसवायचा नाही.

मधुमालती

दुधाचा दात का नाही बसवायचा? माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, पळत असतो सारखा, म्हणून विचारतेय. आणि दुधाचा की पक्का हे घाईत ओळखायचं कसं?

दातांची डॉक्टर

दुधाच्या दाताच्या मुळाच्या अगदी जवळ, हाडात, पक्का दात तयार होत असतो. वरून दात परत आत दाबला तर त्या तयार होणाऱ्या दातालाच धक्का लागतो, मग तो डाग पडलेला किंवा वेडावाकडा येऊ शकतो. म्हणून रक्त थांबवायचं, स्वच्छ कापड दाबून धरायचं आणि दाखवायला आणायचं.

ओळखायला वय सोपं. वरचे पुढचे दोन पक्के दात साधारण 7 ते 8 वर्षांत येतात. पाचच्या आत असेल तर पुढचा दात दुधाचाच. पक्का दात मोठा असतो, जरा पिवळसर दिसतो, आणि नवीन असेल तर धारेवर करवतीसारखे बारीक दाते असतात. समजत नसेल तर बसवू नका, दुधात टाका आणि या. तुमच्या साडेतीन वर्षांच्या मुलाबाबत अजून एक, दात दिसत नाही म्हणजे पडलाच असं नाही, लहान मुलांत मार लागून दात हिरडीत आत घुसतो आणि वरून काहीच दिसत नाही. त्यामुळे खाली सापडला नाही तर एक्स-रे काढावाच लागतो.

मैदानावरचा

मी मुलांना खेळ शिकवतो, वीस वर्षं होतील. मला यात एकच सांगायचंय, दात शोधा. सगळे रक्ताकडे बघतात आणि दात पायाखाली जातो. आमच्याकडे नियम आहे, एक जण मुलाकडे, एक जण दाताकडे, एक जण फोनवर. आणि दात कुठेच सापडला नाही तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगायचं कारण तो श्वासनलिकेत गेलेला असू शकतो, छातीचा फोटो काढतात. ओठ फाटला असेल तर ओठातही तुकडा घुसलेला असतो, आमच्या एका मुलीच्या ओठातून दोन आठवड्यांनी निघाला, तोपर्यंत सगळे म्हणत होते सूज आहे सूज आहे.

प्रथमोपचाराच्या पेटीत सलाईनच्या छोट्या बाटल्या आणि झाकणाची स्वच्छ डबी ठेवतो आम्ही. आणि माउथगार्ड. मुलं कुरकुर करतात की बोलता येत नाही, पण डॉक्टरांकडून मापाचा करून घेतला तर सवय होते.

दात मीसुद्धा बसवलेला आहे, दोनदा. त्याआधी एकदा माझा धीर झाला नव्हता, दुधात घालून पाठवला, तो पण वाचला म्हणा. पण आता मी थांबत नाही.

रानवारा

मैदानावरचा, तीन जणांची वाटणी आवडली, हे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. डॉक्टर, एक विचारायचं होतं, मी पाणी ओतलं ते ठीक होतं ना? कारण काही जण म्हणतात अजिबात पाणी लावू नका.

दातांची डॉक्टर

ठीकच होतं. 2020 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये दात घाण असेल तर दूध, सलाईन किंवा पेशंटच्या लाळेने हलकेच धुवा असं आहे, त्याआधीच्या सूचनांमध्ये थंड वाहत्या पाण्याखाली जास्तीत जास्त 10 सेकंद असं होतं. पाण्याशिवाय काही नसेल तर पाण्याने झटकन धुवून लगेच बसवणं हे दूध शोधत फिरण्यापेक्षा कधीही चांगलं. मातीचा एखादा कण राहिला तर राहू दे, आम्ही बघून घेतो.

आता ओवीच्या आईसाठी, पुढचं. दीड तास कोरडा राहिला म्हणजे त्या पेशी गेल्या, हे तुमच्या डॉक्टरांनी खरंच सांगितलं. पण तरीही दात बसवला हे अगदी बरोबर केलं. मूल वाढतंय, त्या जागी दात असला की हाडाची रुंदी आणि उंची टिकते, आणि मुलीला हसताना हात तोंडावर न्यावा लागत नाही. होतं काय की मधला पडदा नसल्यामुळे हाड थेट मुळाला चिकटतं आणि हळूहळू मुळाच्या जागी हाडच तयार होत जातं. हे सावकाश होतं, काही वर्षं लागतात. वाढत्या वयात मात्र तो दात हाडाला जखडल्यामुळे शेजारच्या दातांबरोबर खाली येत नाही, आखूड दिसायला लागतो. तसं झालं की काय करायचं ते डॉक्टर त्या त्या वेळी ठरवतात. वाढ पूर्ण झाल्यावर तिथे कायमचा इलाज करता येतो, आणि तोपर्यंत हाड टिकलेलं असणं यालाच फार किंमत आहे.

तार साधारण दोन आठवड्यांनी निघेल. मुळाचं टोक बंद झालेलं असेल तर रूट कॅनल दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं, हे पुढे ढकलू नका, दुखत नाही म्हणून तर अजिबात नको. आत मेलेली नस राहिली की मूळ झपाट्याने विरघळायला लागतं आणि ते या सावकाश होणाऱ्या प्रकारापेक्षा फार वाईट. साडेनऊला टोक बंद असेलच असं नाही, एक्स-रे बघून ठरवतील. दोन आठवडे मऊ खाणं, पुढच्या दाताने काही तोडायचं नाही, मऊ ब्रश पण ब्रश करायचाच, सांगितलेल्या औषधाने दोन वेळा गुळण्या. अँटिबायोटिक दिलं असेल तर मध्येच बंद करू नका, आणि जखमेला माती लागलेली म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते तपासून घ्या.

ओवीची आई

डॉक्टर, मनापासून आभार. तुम्ही लिहिलेलं तीनदा वाचलं. धनुर्वाताचं कोणी विचारलंच नव्हतं, आज घेऊन आलो. रूट कॅनलची तारीख पुढच्या महिन्यातली दिली होती, तुमचं वाचून फोन केला आणि बुधवारची करून घेतली, त्यांनीही लगेच दिली, बहुतेक समोरच्या मुलीने नुसता रिकामा दिवस बघून लिहिली होती.

तो टिश्यू पेपर अजून माझ्या पर्समध्ये होता, काल बाहेर काढला तर त्याला फिकट गुलाबी डाग आणि वाळलेले बारीक धाग्यासारखे काहीतरी चिकटलेले होते. तुम्ही म्हणता तो पडदा हाच असावा. फेकवला नाही लगेच.

एकच शेवटचं विचारते. तार काढल्यावर दात घट्ट झालाय की चिकटलाय हे कळतं का?

दातांची डॉक्टर

कळतं, पण लगेच नाही. तार काढली की सुरुवातीला दात थोडा हलतो, तेव्हा घाबरू नका. नंतर तपासणीला याल तेव्हा डॉक्टर आरशाच्या दांड्याने दातावर हलकेच टकटक करतील. निरोगी दाताचा आवाज जरा दबका येतो कारण मध्ये गादीसारखा पडदा असतो, हाडाला चिकटलेल्याचा आवाज उंच, धातूवर वाजवल्यासारखा येतो. तुम्ही तिथेच उभ्या असाल तर तुम्हालाही फरक ऐकू येईल. तपासण्या चार आठवडे, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष आणि मग दर वर्षी, किमान पाच वर्षं, आणि प्रत्येक वेळचा एक्स-रे जपून ठेवा, मागच्याशी ताडून बघितल्याशिवाय मुळाचं काय चाललंय ते समजत नाही. बुधवारी काय झालं ते कळवा.