सायक्लोस्पोराची साथ असताना कच्ची कोथिंबीर, सॅलड खावं का?

मृणालिनी: आमच्याकडे सायक्लोस्पोराचे (जुलाब घडवणारा सूक्ष्म परजीवी) रुग्ण वाढताहेत आणि तो कुठल्या भाजीतून पसरतोय ते अजून कळलेलं नाही. बाबांचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालंय, त्यामुळे काळजी जास्त. मी पालेभाज्या मिठाच्या पाण्यात, मग व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवते. तेवढं पुरे का? आणि घरात एकाला झालं तर दुसऱ्याला लागण होईल का?

निशिगंध: पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्या मिळतात, त्या पाण्यात भाजी भिजवा. जंतू मरतात.

शलाका_लॅब: निशिगंध, जीवाणूंसाठी ठीक, पण सायक्लोस्पोरा क्लोरीनला दाद देत नाही. म्हणून हा सल्ला या साथीत धोक्याचा आहे. मी परजीवी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते.

मृणालिनी, मीठ आणि व्हिनेगरवरही विसंबू नका. याची अंडकोशिका (परजीवीचं अंड्यासारखं रूप, यातूनच तो पसरतो) जेमतेम ८ ते १० मायक्रॉनची, कवच चिवट. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्यावर संख्या घटते, पण कोथिंबिरीच्या कातरलेल्या पानांत, रासबेरीच्या लवेत ती चिकटून बसते. १९९६ साली अमेरिका आणि कॅनडात मोठी साथ आली, ती ग्वाटेमालाहून आलेल्या रासबेरींमधून. त्यानंतर कोथिंबीर, बेसिल, सॅलडची पानं यांतूनही साथी आल्या. पाकिटावर 'धुतलेलं' लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका.

खात्रीचा उपाय उष्णता. बाबांसाठी साथ ओसरेपर्यंत कच्ची पानं आणि बेरी पूर्ण बंद ठेवा, यात मी जराही सूट देणार नाही. कोथिंबीर हवीच असेल तर पदार्थ उकळत असताना घाला, ताटात वरून भुरभुरू नका. केळं, संत्रं, काकडी सोलून द्या, पण सोलण्याआधी धुवा, नाहीतर सालीवरचं सुरीबरोबर गरात जातं.

लागणीचं म्हणाल तर माणसाकडून माणसाला थेट होत नाही. शौचातून बाहेर पडलेली अंडकोशिका लगेच संसर्ग करू शकत नाही, बाहेरच्या उबदार हवेत पक्व व्हायला तिला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात. बाबा आजारी पडले तरी त्यांच्याजवळ जायला घाबरू नका. हात मात्र साबणाने धुवाच, जुलाबाची इतर कारणं पसरतात.

मृणालिनी: खूप आभार, जवळ जाण्याबद्दल वाचून फार बरं वाटलं. बेरी फ्रीझरमध्ये ठेवून दिल्या तर? आणि त्रास सुरू झालाच तर कसं ओळखायचं?

शलाका_लॅब: घरच्या फ्रीझरवर भरवसा नको. बेरी शिजवून द्या, उकळी फुटू दे.

त्रास बहुधा खाल्ल्यावर आठवड्याभराने सुरू होतो. पाण्यासारखे जुलाब, भूक मरणं, अंगातली ताकद गेल्यासारखा थकवा. मध्येच बरं वाटतं, पुन्हा त्रास सुरू होतो, असं कित्येक आठवडे चालू शकतं. कालच्या जेवणाला दोष देण्यात अर्थ नाही. मागच्या दोन आठवड्यांत काय कच्चं खाल्लं ते आत्तापासूनच लिहून ठेवा, बिलं जपा. साथीचा उगम शोधणारे नेमकं हेच विचारतात आणि तेव्हा कुणालाच आठवत नाही.

आणि कळकळीने सांगते: डॉक्टरांना सायक्लोस्पोराचं नाव घेऊन तपासणी लिहून द्यायला सांगा. शौचाच्या नेहमीच्या तपासणीत तो बहुतेकदा दिसतच नाही, त्याला नमुन्याला खास रंग देऊन केलेली तपासणी किंवा पीसीआर लागतं. एक नमुना निगेटिव्ह आला तरी वेगळ्या दिवशीचा पुन्हा द्या, कारण तो रोज सारखा बाहेर पडत नाही.

डॉ_अन्वय: एक भर. यावर कोट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक चालतं, पण त्यात सल्फा (काहींना याची ॲलर्जी असते) आहे आणि प्रत्यारोपणानंतरच्या औषधांसोबत ते घेताना रक्तातल्या क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं), पोटॅशियमवर लक्ष ठेवावं लागतं. काही प्रत्यारोपण रुग्णांना ते आधीपासूनच कमी मात्रेत चालू असतं, बाबांची यादी तपासा. दुकानातून परस्पर आणू नका. जुलाबाने पाणी कमी झालं तर प्रत्यारोपणाच्या गोळ्यांची रक्तातली पातळीही बदलते, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांच्या मूत्रपिंडतज्ज्ञांना फोन करा.