व्हिटॅमिन डी कमी म्हणून मधुमेह? नाशिकच्या २००० नमुन्यांवर मेंडेलियन रँडमायझेशन जमेल का?

पीएसएम_नाशिक

नमस्कार. नाशिक शहर, दिंडोरी-निफाड आणि पेठ-सुरगाणा इथल्या साधारण २००० प्रौढांचे नमुने विभागाकडे आहेत, त्यांत ५०० मधुमेही. प्रत्येकाचे २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा), वजन, उंची, कंबर मोजलेली आहे. ईडीटीए नळीतले रक्त उणे ८० अंशांवर ठेवले आहे. साध्या लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये डी कमी असलेल्यांत मधुमेह ठळकपणे जास्त दिसतो. पण सातपूर-अंबडला दिवसभर छताखाली बसून काम करणारा आणि द्राक्षबागेत उन्हात राबणारा यांच्यात फक्त डीचा फरक नसतो. वजन, आहार, उत्पन्न, चालणे सगळेच वेगळे. म्हणून जनुकांच्या वाटेने (मेंडेलियन रँडमायझेशन: जनुके सवयींशी संबंध न ठेवता जन्मतःच वाटली जातात, त्याचा नैसर्गिक प्रयोगासारखा वापर) जायचे ठरते आहे: जीसी, सीवायपी२आर१, डीएचसीआर७ आणि सीवायपी२४ए१ या चार जनुकांतला एकेक व्हेरियंट (डीएनएतली माणसागणिक बदलणारी जागा) टॅकमॅनने (एकेक व्हेरियंट ओळखणारी चाचणी) तपासायचा.

विचारायचे तीन मुद्दे. २००० पुरतील का? चारच व्हेरियंट चालतील का? आणि बहुतेकांचे डी २० नॅनोग्रॅम प्रति मिलिच्या खाली आहे, तेव्हा विश्लेषण फक्त त्या गटात करावे का? डीचा काही फायदा असेलच तर तो तिथेच दिसेल ना?

गोदाकाठ_स्टॅट

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांनीच देतो.

हे चार व्हेरियंट मिळून रक्तातल्या डीच्या फरकाचा साधारण २ टक्के भाग सांगतात असे धरा. २००० माणसे, ४ व्हेरियंट, तर एफ (व्हेरियंट डीशी किती घट्ट जोडलेले आहेत याचा आकडा) येतो (०.०२ × १९९५) भागिले (०.९८ × ४), म्हणजे १०.२. 'एफ दहाच्या वर असावा' ही अट जेमतेम पार होते, आणि इथेच लोक फसतात. एफ चांगला म्हणजे इन्स्ट्रुमेंट (डीच्या जागी वापरलेले व्हेरियंट) अगदीच दुबळे नाही, एवढेच. अभ्यासाची ताकद (पॉवर), म्हणजे खरा परिणाम असला तर तो पकडण्याची शक्यता, ही वेगळी गोष्ट आहे.

ती अशी काढा: लागणारी संख्या = ७.८४ भागिले (आर-वर्ग × बीटा-वर्ग × मधुमेहींचे प्रमाण × बिगर-मधुमेहींचे प्रमाण). ७.८४ हा ८० टक्के पॉवर आणि ५ टक्के सिग्निफिकन्सचा आकडा. आर-वर्ग म्हणजे वरचे ०.०२. बीटा म्हणजे डी एका स्टँडर्ड डेव्हिएशनने बदलले तर मधुमेहाच्या ऑड्स रेशोचा (शक्यता किती पटीने बदलते) लॉग. तुमच्याकडे मधुमेही २५ टक्के, म्हणजे ०.२५ × ०.७५. ऑड्स रेशो १.२ पकडायचा असेल तर जवळपास ६३,००० माणसे लागतात. उलटे गणित केले तर २००० माणसांत २.८च्या आतला रेशो तुमच्या हाती लागण्याची शक्यता फार कमी. डी आणि मधुमेहात एवढा मोठा परिणाम कुणी अपेक्षित धरत नाही. २०१९च्या डीटूडी चाचणीत प्रीडायबिटीस असलेल्या २४२३ जणांना रोज ४००० युनिट डी किंवा प्लासिबो दिले. हॅझार्ड रेशो (दोन गटांत मधुमेह होण्याच्या वेगाचे गुणोत्तर) ०.८८ आला, ९५ टक्के मर्यादा ०.७५ ते १.०४.

तेव्हा तुमच्याकडे शून्य निष्कर्ष आला तरी त्याचा अर्थ 'डीचा संबंध नाही' असा लावता येणार नाही. माझे स्पष्ट मत: मुख्य उत्तर या नमुन्यांतून काढायला जाऊ नका. टू-सॅम्पल पद्धत (जनुक-डी आणि जनुक-मधुमेह हे आकडे दोन वेगळ्या मोठ्या अभ्यासांतून घेणे) घ्या, आणि नाशिकचे नमुने ज्या कामाला खरोखर उपयोगी आहेत त्या कामाला लावा. युरोपीय लोकांत सापडलेले हे व्हेरियंट आपल्याकडेही डी तेवढेच वरखाली करतात का, हे बघायला २००० माणसे पुरतात, आणि ती माहिती मोलाची आहे.

जनुकवेध

फक्त चार टॅकमॅन केले तर वंशरचनेची दुरुस्ती करायला हातात काहीच उरत नाही, याकडे आधी लक्ष द्या. मेंडेलियन रँडमायझेशनच्या तीन अटी: व्हेरियंट एक्सपोजरशी (इथे डी) घट्ट जोडलेला हवा, कन्फाउंडरशी (डी आणि मधुमेह दोन्हींवर परिणाम करणाऱ्या तिसऱ्या गोष्टीशी) जोडलेला नको, आणि रोगापर्यंत त्याने एक्सपोजरमधूनच पोचायला हवे. तुमच्या नमुन्यांत दुसरी अट धोक्यात आहे. पेठ-सुरगाण्यातले कोकणा, महादेव कोळी, वारली आणि शहरातले इतर समाज यांच्यात लग्ने जवळपास होत नाहीत, त्यामुळे ॲलीलची (व्हेरियंटच्या एकेका रूपाची) वारंवारिता वेगळी असू शकते. काम, ऊन, आहार आणि मधुमेहाचे प्रमाण तर वेगळे आहेच. मग व्हेरियंटचा डीशी काडीचा संबंध नसला तरी तो मधुमेहाशी 'जोडलेला' दिसेल. प्रश्नावलीतला जातीचा रकाना भरून हे सुटत नाही.

त्यासाठी संपूर्ण जीनोमवरचा ॲरे (लाखो व्हेरियंट एकदम तपासणारी चिप) करा. ग्लोबल स्क्रीनिंग ॲरेला नमुन्यामागे सुमारे २०० नॅनोग्रॅम डीएनए लागतो, तो तुमच्या रक्तातून सहज निघेल. मग पहिले दहा प्रिन्सिपल कॉम्पोनंट (वंशातले फरक टिपणारे आकडे) मॉडेलमध्ये घाला. मामे-आतेभावंडांतली लग्ने आपल्याकडे होतात आणि एका पाड्यावरचे बरेचजण नात्यातले निघतात, म्हणून किनशिप मॅट्रिक्ससह (कोण कुणाच्या किती जवळच्या नात्यात याचा तक्ता) मिक्स्ड मॉडेल जास्त योग्य. इम्प्युटेशनसाठी (न तपासलेले व्हेरियंट अंदाजाने भरण्यासाठी) थाउजंड जीनोम्स या संदर्भ-संग्रहातले दक्षिण आशियाई गट म्हणजे ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशी, श्रीलंकन तमिळ, तेलुगू. मराठी गट त्यात नाही. तेव्हा इम्प्युटेशन गुणांक ०.८च्या खाली गेलेला व्हेरियंट सरळ वगळा.

चार जनुकांबद्दल: संख्येपेक्षा त्यांचे काम बघा. जीसी हे डीला रक्तात वाहून नेणाऱ्या प्रथिनाचे जनुक आहे. ते एकूण डी कमी-जास्त करते, पण पेशींना मिळणारे मोकळे डी त्या प्रमाणात बदलतेच असे नाही. सीवायपी२आर१ यकृतातल्या पायरीवर काम करते, डीएचसीआर७ त्वचेतल्या कच्च्या मालावर. मात्र डीएचसीआर७ तोच कच्चा माल कोलेस्टेरॉलकडे वळवते, म्हणजे तिसऱ्या अटीला तिथे फट आहे. म्हणून निकाल जीसीसह आणि जीसीशिवाय असे दोन्ही द्या, आणि लिपिडशी संबंध तपासा. याच चार जनुकांवर २०१५मध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात मधुमेहाशी कार्यकारण संबंध दिसला नव्हता. तुमच्या प्रस्तावात त्याचा उल्लेख हवाच.

पीएसएम_नाशिक

दोघांचे आभार. ॲरेचे पटले. पण तिसरा प्रश्न राहिला. २०च्या खालचा गट वेगळा काढण्यात नेमकी अडचण काय? ज्यांचे डी मुळात पुरेसे आहे त्यांना धरून परिणाम पातळ होणार नाही का?

कोलायडर_नको

शंका रास्त आहे, पण गट असा पाडलात तर रँडमायझेशनच मोडते.

रक्तातले डी हे जनुक, ऊन, वजन, आहार या सगळ्यांचे मिळून फळ आहे. आता २०च्या खालची माणसे निवडा. त्यांच्यात ज्याच्याकडे डी वाढवणारे ॲलील आहे, तो तरीही २०च्या खाली का? कारण दुसरे काहीतरी त्याला जास्त जोराने खाली ओढते आहे: वजन जास्त, किंवा ऊन अजिबात नाही. म्हणजे या गटात 'चांगले' ॲलील आणि लठ्ठपणा एकत्र येतात, जरी पूर्ण लोकसंख्येत त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसला तरी. लठ्ठपणामुळे मधुमेह वाढतो, आणि गणित सांगते की डी वाढवणारे ॲलील मधुमेह वाढवते. खरा फायदा असला तर तो झाकला जातो, नसला तर अपाय दिसतो.

ही भीती नुसती कागदावरची नाही. डी आणि हृदयविकार-मृत्यू यांवरच्या २०२१च्या एका गाजलेल्या नॉन-लिनियर (डीच्या पातळीप्रमाणे परिणाम बदलतो का हे पाहणाऱ्या) विश्लेषणात, डी फार कमी असलेल्या गटात फायदा दिसल्याचे छापले गेले. ते थेट गट पाडत नव्हते, 'जनुकाचा वाटा वजा करून उरलेले डी' घेऊन पाडत होते. ती पद्धत जनुकाचा परिणाम सगळ्यांत सारखाच असतो असे धरते, आणि डीच्या बाबतीत तसे नाही. लेख मागे घेऊन २०२४मध्ये दुरुस्त करून पुन्हा छापावा लागला, आणि तो फायदा उरला नाही.

गट पाडायचाच असेल तर जनुक ज्याला हात लावू शकत नाही अशा गोष्टीवर पाडा. नमुना घेतल्याचा महिना उत्तम: जुलै ते सप्टेंबरचे ढगाळ आठवडे एकीकडे, मार्च ते मे दुसरीकडे. आणि कोणतीही पद्धत वापरा, प्रत्येक गटात जनुकाचा वयाशी आणि लिंगाशी संबंध तपासा. ॲलीलमुळे कुणाचे वय बदलत नाही. तिथे 'परिणाम' दिसला तर गट पाडण्यातच खोट आहे, पुढचे काही वाचू नका.

गोदाकाठ_स्टॅट

टू-सॅम्पलची वाट थोडक्यात, कारण यातली बरीच गडबड डेटा जुळवतानाच होते.

एक्सपोजरसाठी यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या नमुनासंग्रहाचा २०२०चा डीचा जीडब्ल्यूएएस (संपूर्ण जीनोममध्ये संबंध शोधणारा अभ्यास) आहे: ४,१७,५८० माणसे, १४३ लोकाय (जीनोममधल्या जागा). आउटकमसाठी (इथे मधुमेह) डायमँटे या मधुमेह-जनुक संशोधनगटाची दक्षिण आशियाई आकडेवारी घ्या. युरोपीय घेतली तर त्यात यूके बायोबँकचीच माणसे पुन्हा येतात. मात्र वंश बदलला की व्हेरियंटचा डीवरचा परिणाम तोच राहील हे गृहीतक होते, आणि वर म्हटल्याप्रमाणे तुमचे २००० नमुने तेच तपासून देतील. क्लम्पिंग (एकमेकांशी जोडलेल्या व्हेरियंटमधला एकच ठेवणे) आर-वर्ग ०.००१, अंतर १०,००० किलोबेस, आणि एलडीचा (व्हेरियंटमधल्या या जोडणीचा) संदर्भ ज्या जीडब्ल्यूएएसमधून व्हेरियंट निवडले त्याच वंशाचा, म्हणजे इथे युरोपीय. ओपनजीडब्ल्यूएएस या खुल्या संग्रहावरून डेटा ओढायला २०२४पासून टोकन लागते.

मग हार्मोनाइज, म्हणजे दोन्ही अभ्यासांत प्रत्येक व्हेरियंटचे तेच ॲलील धरले आहे ना हे जुळवणे. ए-टी आणि जी-सी जोडीच्या व्हेरियंटमध्ये कोणता धागा वाचला हे ॲलीलवरून कळत नाही, आणि कमी आढळणाऱ्या ॲलीलची वारंवारिता ०.४२च्या वर असली तर तिच्यावरूनही कळत नाही. ते वगळा. एक चिन्ह उलटले तरी निकाल फिरतो. एककेही बघा: कुठे लॉग, कुठे रँक-नॉर्मल, कुठे नॅनोमोल. एक नॅनोग्रॅम प्रति मिलि म्हणजे २.५ नॅनोमोल प्रति लिटर.

एका व्हेरियंटचे गणित हाताने करून बघाच. समजा ॲलीलमागे डी ०.२० एसडीने (स्टँडर्ड डेव्हिएशनने) वाढते आणि मधुमेहाचा लॉग-ऑड्स -०.०१० (प्रमाणित चूक ०.०१२). भागाकार -०.०५, चूक ०.०६, ऑड्स रेशो ०.९५, मर्यादा ०.८५ ते १.०७. सगळ्या व्हेरियंटची अशी उत्तरे वजन देऊन एकत्र केली की आयव्हीडब्ल्यू, हा मुख्य अंदाज. सोबत पडताळणीच्या पद्धती: वेटेड मीडियन, एगर इंटरसेप्ट, स्टायगर आणि लीव्ह-वन-आउट. चार जनुकांच्या संचावर मात्र एगर चालवू नका, चार बिंदूंतून तिरकी रेघ काढण्याला अर्थ नाही. अहवाल स्ट्रोब-एमआर या अशाच अभ्यासांसाठीच्या यादीप्रमाणे.

जनुकवेध

दोन गोष्टी राहिल्या. मधुमेहाची व्याख्या केवळ एचबीए१सीवर ठेवू नका. पेठ-सुरगाण्यात सिकलसेल वाहक असतील, त्यांच्यात काही यंत्रांवर आकडा चुकतो, आणि लोहाच्या कमतरतेत तो साखर न वाढताही वर जातो. उपाशीपोटी १२६ किंवा ग्लुकोज दिल्यावर दोन तासांनी २०० हा निकष जोडा.

आणि प्रश्नावलीत 'गेल्या तीन महिन्यांत ६०,००० युनिटची डीची पुडी घेतली का' हे आहे का बघा. आठवड्याला एक पुडी घेणाऱ्याच्या रक्तातल्या डीवर या चार जनुकांचा छोटासा परिणाम पार बुडतो. पण त्यांना वगळू नका. पुडी बऱ्याचदा डी कमी आले म्हणूनच लिहून दिलेली असते, म्हणजे वगळणे हीदेखील वरच्यासारखीच निवड ठरेल. विश्लेषण त्यांच्यासह करा, त्यांच्याशिवायचे आकडे पुरवणी तक्त्यात द्या.