एसआयएमव्ही की असिस्ट-कंट्रोल?

प्रश्न: २८ आठवड्यांत जन्मलेलं बाळ, ९०० ग्रॅम. व्हेंटिलेटर एसआयएमव्ही मोडवर (मशीन ठरलेल्या संख्येइतक्याच श्वासांना आधार देतं), रेट मिनिटाला ४० ठेवलाय पण बाळ स्वतः ७० घेतंय आणि मधले श्वास घेताना दमतंय असं वाटतं. सिनियर म्हणतात असिस्ट-कंट्रोलला (बाळाच्या प्रत्येक श्वासाला मशीनचा आधार) टाक, पण मग वीनिंग, म्हणजे हळूहळू मशीन सोडवणं, कसं करायचं? रेट कमी करून काही होणारच नाही ना?

उत्तर १: नाहीच होणार, असिस्ट-कंट्रोलमध्ये रेट म्हणजे नुसता बॅकअप, बाळाने श्वास घेतला नाही तरच मशीन देतं, म्हणून प्रेशर उतरवत जायचं. एसआयएमव्हीत ४० लाच आधार, उरलेले ३० त्याने अडीच नंबरच्या बारीक ट्यूबमधून स्वतःच्या जिवावर ओढायचे, दमणारच की.

उत्तर २: सोबत व्हॉल्यूम गॅरंटी (दर श्वासाला ठरलेली हवा) लाव, ४-५ मिली प्रति किलो. बाळ जोर करायला लागलं की प्रेशर आपोआप खाली येतं.

उत्तर ३: डॉक्टर, आधी सर्किटमधलं (व्हेंटिलेटरच्या नळ्यांमधलं) पाणी बघा हो! पाणी हललं किंवा ट्यूबभोवती लीक असला की फ्लो सेन्सरला (हवेचा प्रवाह मोजणाऱ्या) तो बाळाचाच श्वास वाटतो, स्क्रीनवर रेट ९० आणि छाती मात्र शांत. नाइट ड्यूटीला नेहमीचं आहे हे.

उत्तर ४: ट्रिगर मोडने (बाळाच्या श्वासाबरोबर मशीन चालतं ते, हे दोन्ही त्यातलेच) व्हेंटिलेटरवरचा काळ कमी होतो, बीपीडी (वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा फुफ्फुसांचा दीर्घकालीन आजार) कमी झाल्याचं मात्र सिद्ध नाही, तेव्हा नातेवाइकांना फार आशा लावू नका.