काचेच्या प्लेटवरून ठसे: जाडी, सँडब्लास्ट आणि गोव्याची दमट हवा

मांडवीकाठ
नमस्कार मंडळी. झिंक आणि तांब्यावर एचिंग (आम्लाने प्लेट कोरून ठसे काढणं) चालू असतं, आता काचेवर इंटाग्लिओ करायचं आहे, म्हणजे कोरलेल्या खड्ड्यांत शाई भरून, वरची पुसून, दाबाने कागदावर ठसा घ्यायचा. पणजीतल्या आमच्या स्टुडिओत १८ इंची बेडचा साधा एचिंग प्रेस आहे. प्लेट साधारण ३० × ४० सेंमीची असेल. काच किती जाड घ्यावी? ६ मिमी कुठेही मिळते, १० मिमी मागवावी लागते. काचवाला म्हणतो, दाबाखाली घालायची तर टफन्डच (तापवून कणखर केलेली) घ्या. सँडब्लास्ट (हवेच्या झोताने बारीक दाणे मारून काच खरवडणं) बाहेरून करून घ्यायचं तर त्या माणसाला नेमकं काय सांगायचं? आणि जून लागला की भिजवलेला कागद दुसऱ्या दिवशी कुबट वास मारतो, त्यावर काय उपाय करता?

काचकाम_म्हापसा
टफन्ड अजिबात नको. त्या काचेत बाहेरच्या थरात दाब आणि पोटात ताण मुद्दाम कोंडलेला असतो. ब्लास्ट बाहेरचा थर भेदून पोटापर्यंत गेला की अख्खी प्लेट एका क्षणात दाणेदाणे होते. शिवाय टफन्ड झाल्यावर ती कापता येत नाही आणि कडाही घासता येत नाहीत. साधी फ्लोट काच (खिडकीला असते तशी सपाट) सांगा, १० मिमी. ३० × ४० ची प्लेट बरोबर ३ किलो भरते, म्हणजे उचलायला जड नाही.

ही जाडी कुणाच्या मनाची नाही. काचेवरून इंटाग्लिओ ज्यांनी रुजवलं ते अमेरिकेतले काच-कलाकार हार्वे लिटलटन. १९७४ पासून त्यांनी यावर काम केलं, पुढे नॉर्थ कॅरोलायनातल्या स्प्रूस पाइनला स्टुडिओ चालवला. तिथे ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिमी फ्लोट काच वापरत. एर्विन आइश, डेल चिहुली यांच्यासारख्या काचेत काम करणाऱ्यांनी तिथे प्रिंट काढल्या.

मूळ गोष्ट एवढीच की काच दाब सहन करते, वाक सहन करत नाही. रोलरचा दाब तिला काहीच नाही. पण बेडला पोक असेल, किंवा प्लेटखाली कार्बोरंडमचा (घासायच्या कठीण भुकटीचा) एक दाणा राहिला, तर त्या जागी काच वाकायला बघते आणि तडकते. म्हणून बेड आधी स्टीलच्या पट्टीने तपासा. पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवा आणि पलीकडून टॉर्च मारा. फटीतून उजेड आला तर बेड सपाट नाही.

कडा. कापलेली काच तशीच प्रेसमध्ये घातली तर कागद कापेल, रोलरखालचं लोकरी फेल्ट कापेल, आणि कडेवरच्या बारीक कपच्यांतूनच पुढे तडा धावेल. चारही बाजूंना ४५ अंशात ३ ते ४ मिमी बेव्हल (तिरपी कड) मारून घ्या, कोपरे गोल करा. काचवाल्याकडची मशीन खरखरीत कड सोडते. ती पुढे १२०, २२०, ४०० नंबरच्या वॉटरपेपरने पाणी घालत हाताने घासा. कड चकचकीत हवी, नाहीतर तिथे शाई अडकून ठशाभोवती मळकी चौकट येते.

ब्लास्टवाल्याला सांगायचं: अॅल्युमिनियम ऑक्साइड, १२० ते १८० ग्रिट (दाण्याचा नंबर, जितका मोठा तितका दाणा बारीक), दाब ४० ते ६० पीएसआय, नोझल एका जागी धरायचं नाही. हे लोक दारं-पार्टिशनं फ्रॉस्ट करतात, त्यांचा हात सगळीकडे सारखा पांढरा करण्याकडे असतो. तुम्हाला काय उघडं आणि काय झाकलेलं हवं ते आधीच काचेवर करून न्या. सपाट आकारांना जाड व्हिनाइल कापून लावा. ब्रशची खूण हवी असेल तर फेविकॉल जाड थराने फिरवा आणि पूर्ण सुकू द्या. वाळला तरी तो लवचीक राहतो, दाणा त्यावरून उसळतो. वॉर्निशसारखा कडक थर उलट लगेच उडतो. एक पक्कं विचारून घ्या: समोरचा नदीची वाळू वापरत असेल तर तिथे काम देऊ नका. त्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, त्याला आणि शेजारी उभ्या राहणाऱ्यालाही. आणि काच कोरायला हायड्रोफ्लोरिक आम्लाचा विचारसुद्धा नको. ते कातडीतून आत जातं, आणि सौम्य असेल तर दुखायला लागेपर्यंत कित्येक तास गेलेले असतात.

शाईघर_मडगाव
वरच्या सगळ्याला दुजोरा, फक्त ६ मिमी एकदम मोडीत काढू नका. ए-५ एवढ्या लहान प्लेटला आणि खात्रीच्या सपाट बेडवर ती चालते. ३० × ४० ला मात्र १० मिमीच.

आता प्रेसचं. झिंक दीड मिमीचं असतं, ही १० मिमी. रोलर तिच्या कडेवर चढताना जो झटका बसतो तो टाळायचाच. त्यासाठी १० मिमी एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची) चौकट करा, प्लेट मधे बसेल आणि चारही बाजूंना जेमतेम २ मिमी फट राहील अशी. चौकट बेडइतकी लांब हवी, म्हणजे रोलर सुरुवातीपासून त्याच उंचीवर चालतो. प्लेटखाली एक गुळगुळीत पुठ्ठा, रोज नवा. दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखे फिरवलेत का ते मोजून बघा. एक बाजू जास्त आवळली तर प्लेट तिरकी दाबली जाते. झिंकपेक्षा दाब थोडा कमी ठेवून सुरुवात करा आणि पाव-पाव वळसा वाढवा.

झिंकची सवय असलेले प्लेट हॉटप्लेटवर ठेवतात. इथे ते बंद. साध्या काचेच्या एका भागात आणि दुसऱ्या भागात ४० अंश सेल्सिअसच्या आसपास फरक पडला की तडा जाऊ शकतो. गोव्यात ऊब द्यायची गरजही नसते. उलट एप्रिल-मेमध्ये शाई इतकी सैल होते की पुसताना खड्ड्यातून निघून येते. चिमूट-चिमूट मॅग्नेशियम कार्बोनेट मळा, सुरीवरून शाई सावकाश, तुटत पडेल एवढी घट्ट करा. शाई भरायला पुठ्ठ्याची पट्टी, पुसायला कांजी लावलेली मलमल, शेवटी तळहात.

पुसताना फरक जाणवेल. न कोरलेली काच अगदी स्वच्छ निघते, झिंकवर मागे राहतो तो हलका टोन इथे राहत नाही. टोन हवा असेल तर तेवढ्या भागावर ३२० ग्रिटचा एक हलका हात मारून घ्यावा लागतो. रंगात मात्र काचेला तोड नाही. झिंकवर पिवळा मळकट हिरवा होतो, पांढरा करडा पडतो, कारण शाई घासताना धातूशी तिची प्रक्रिया होते. काचेवर ट्यूबमधला पिवळा कागदावर तसाच उतरतो. एकाच ठशासाठी अनेक प्लेट जुळवायच्या असतील तर काच पारदर्शक, खाली रेखाटन ठेवून थेट कोरता येतं. ठसा उलटा येणार, म्हणून खालचा ट्रेसिंग पेपर पालथा ठेवा.

कागदाचा वास म्हणजे बुरशीची सुरुवात. २५० ते ३०० जीएसएमचा सुती कागद ३० ते ४५ मिनिटं भिजवा, टिपकागदात दाबा आणि त्याच दिवशी वापरा. उरलाच तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये. जुलैमध्ये खरी पंचाईत ठसे वाळवण्याची असते, कारण टिपकागद स्वतःच ओलसर असतात. ते इस्त्रीने कोरडे करूनच लावा, पहिल्या दोन-तीन तासांत एकदा बदला, मग रोज. शाईच्या बाजूला पातळ टिश्यू हवाच.

मांडवीकाठ
मनापासून आभार. चौकटीची गोष्ट कुठेच वाचली नव्हती. एक शंका: दाट काळं हवं तिथे ब्लास्ट खोल करून घ्यायचं, बरोबर ना? आणि बारीक रेघा कशाने?

काचकाम_म्हापसा
नाही, इथेच झिंकची सवय आडवी येते. काळेपणा खोलीवर नाही, पृष्ठभागाच्या खरखरीतपणावर ठरतो. १०० ते १२० ग्रिटने खरवडलेली काच दाट काळं देते, २२० चं करडं, ३२० चं फिकट. रुंद भाग खोल केला तर मलमल आत शिरून मधली शाई काढून नेते आणि फक्त काठ काळे राहतात. खोली वाढवली की कागदावर उठाव मिळतो, तेवढाच. ठसा सगळीकडे धुरकट येत असेल तर खड्ड्यांत ब्लास्टची धूळ उरली आहे. पहिल्या शाईआधी साबण आणि मऊ टूथब्रशने दोनदा घासा.

रेघांना डायमंड बर (हिऱ्याचे कण लावलेलं कोरायचं टोक), रोटरी टूलवर, कमी वेगात आणि थेंब-थेंब पाणी सोडत. कोरडं चालवलं तर काच तापते, रेघेच्या कडेने कपच्या उडतात आणि ठशात रेघ दातेरी दिसते. हाताच्या डायमंड टोकाने चंदेरी, नाजूक रेघ मिळते. ड्रायपॉइंटची (धातूवर सुईने थेट ओढलेल्या रेघेची) मखमल मात्र मागू नका, ती देणारी रेघेकाठची उचललेली कड काचेला येत नाही. मास्क आणि चष्मा लावूनच.

सावलीतलं_ऊन
ज्यांच्याकडे प्रेस नाही त्यांच्यासाठी काचेचाच दुसरा रस्ता: क्लिशे-व्हेर. काचेवर अपारदर्शक थर द्यायचा, सुईने खरवडायचं, आणि ती काच निगेटिव्ह म्हणून प्रकाशाला संवेदनशील कागदावर ठेवून उन्हात छापायची. फ्रान्समधल्या आरासला १८५३ मध्ये चित्रकार कोरोने सुरुवात केली आणि साठाहून अधिक प्लेट केल्या. दोबिन्यी, मिले यांनीही केल्या.

इथे पातळ काच हवी, २ किंवा ३ मिमी. जुन्या खिडकीची चालते. काळी छपाईची शाई रोलरने पातळ लावा, सुईखाली स्वच्छ रेघ उघडली पाहिजे. पूर्ण वाळली की कडक होऊन तुकड्यांनी निघते, म्हणून अर्धवट ओली असतानाच खरवडा आणि छापण्याआधी नीट वाळू द्या. रेखाटलेली बाजू कागदाला चिकटून असेल तर रेघ धारदार येते. उलटी ठेवली तर काचेच्या जाडीतून प्रकाश पसरतो आणि रेघ मऊ होते. दोन्ही प्रकार मुद्दाम वापरण्यासारखे आहेत.

कागदावर सायनोटाइप (लोहक्षारांनी उन्हात निळं छापणं) सोपं. १०० मिली पाण्यात हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम, दुसऱ्या १०० मिलीत पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम, वापरताना समान भाग. आपल्या हवेत सायट्रेटच्या बाटलीवर बुरशीचा पापुद्रा हटकून येतो. गाळून घ्या, फ्रिजमध्ये ठेवा, बाटलीवर ठळक लिहून ठेवा. थर दिलेला कागद त्याच दिवशी वापरा. दमट हवेत तो अंधारातही निळसर धरतो आणि पांढरं पांढरं राहत नाही. जानेवारीच्या दुपारी १० मिनिटांपासून चाचणीपट्टी काढा, ढगाळ दिवशी तिप्पट-चौपट धरून चाला. धुताना पहिल्या पाण्यात थोडं व्हिनेगर.

शाईघर_मडगाव
पुढे कुणी सिलिग्राफीकडे (काचेवर सिलिकॉनने करायच्या छपाईकडे) वळलात तर एक सूचना. त्यात २२० ते ४०० ग्रिटने घासलेल्या काचेवर पाण्यात विरघळणाऱ्या रंगाने रेखाटून वर सिलिकॉनचा पातळ थर देतात, मग पाण्याने रेखाटन धुतात. उघडी काच शाई धरते, सिलिकॉन झिडकारतं. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, त्यामुळे पावसाळ्यात ते पसरून पुसेपर्यंतच घट्ट व्हायला लागतं. लहान भाग घ्या, किंवा हे काम डिसेंबर-जानेवारीवर ठेवा.